कडुनिंबाचा ठसा

मी जे सांगणार आहे ते माझ्या पत्नीलाही ठाऊक नाही — आणि तिच्यापासून मी दुसरे काही लपवल्याचे मला आठवत नाही. तीस वर्षे झाली. माझ्या कपाटात एक जुनी चित्रवही आहे आणि त्या वहीत एक दिवाळीचे भेटकार्ड आहे. वही चाळताना कुणी विचारलेच, तर ‘ते बिघडलेले आहे’ असे सांगून मी पान उलटतो. ते बिघडलेले नाही. तुम्हाला स्नेही मानून आज हे सांगायला बसलो आहे — आणि तरीही बघा, आरंभ कार्डापासून करावा की वहिनींपासून, हेच ठरत नाही.

वहिनींपासूनच करतो. त्यांच्याविषयी बोलताना मला अजूनही बरे वाटते.

तो दुष्काळाचा काळ होता. मी चोवीस वर्षांचा होतो आणि नगरच्या एका शाळेत चित्रकला शिकवीत होतो. थोरले बंधू, म्हणजे अण्णा, नागापूरच्या एका कारखान्यात लेथवर होते. तिथून जवळच दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही तिघे राहत असू — अण्णा, वहिनी आणि मी. वहिनी अकोले तालुक्यातल्या, डोंगरातल्या. शाळेत त्या कधी गेल्या नव्हत्या. पण झाडपाल्याचे त्यांना जे कळे ते मला कोणत्याही पुस्तकात सापडले नसते.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पन्नास भेटकार्डे मागितली. संस्थेच्या मंडळींना पाठवायची, छापील नकोत, हाताने केलेली हवीत. पानांना रंग लावून त्यांचे ठसे उमटवायचे, ही कल्पना माझी. ती जमवली वहिनींनी. मी ताजी पाने तोडून आणी आणि कागदावर नुसते चिखलासारखे काहीतरी उमटे. वहिनी दोन दिवस ते पाहत राहिल्या, आणि तिसऱ्या दिवशी पोळ्या झाल्यावर लाटणे घेऊन माझ्याशेजारी येऊन बसल्या.

“भावजी, पान आधी रातभर गोधडीखाली निजवा. अंगातलं पाणी जरा मरू द्या. आन रंग वरून नाय, पोटाकडून लावा. शिरा पोटाकडं असत्यात.”

तसेच निघाले. पानाच्या मागच्या बाजूस कापडाच्या बोळ्याने पातळ रंग टिपायचा, पान कार्डावर ठेवायचे, वर वर्तमानपत्र, आणि त्यावरून लाटणे — एकदाच, न थांबता. माझा हात मध्येच दबे. त्यांचा दबत नसे. कागद उचलला की पिंपळाची, जांभळीची, आपट्याची एकेक शीर केसासारखी उठून आलेली असे. एखादा ठसा फसला की त्या मान हलवीत. “शिरा नाय उठल्या. ह्ये पान नव्हं, डाग हाय.” आणि मी, पदविका घेतलेला चित्रकलाशिक्षक, निमूटपणे दुसरे कार्ड घेई.

भेंडी आडवी चिरून रंगात बुडवली की पाच पाकळ्यांचे फूल उमटते, हेही त्यांनीच दाखवले. अण्णा कामावरून आले आणि ओळीने वाळत घातलेली ती फुले पाहून म्हणाले, “भाजी मिळेना बाजारात, आन इथं कागदाला भेंडी खाऊ घालताय व्हय?” वहिनी इतक्या हसल्या की लाटणे हातातून सुटून गडगडत दारापर्यंत गेले. त्या घरात त्यांचे तसे हसणे मी त्याआधी वर्षभर ऐकले नव्हते.

का ऐकले नव्हते, तेही सांगायला हवे. वहिनींचे पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झाले होते. मूल पाचव्या दिवशी गेले. अण्णा तिकडे पोहोचले ते दुःखाने वेडे होऊन, आणि वहिनींच्या भावाला बोलू नये ते बोलले — तुम्ही हेळसांड केलीत, असे. तो भाऊही तोंडाचा तिखट. पुन्हा एकमेकांच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही, इथवर गोष्ट गेली. वहिनी सासरी परतल्या त्या दिवसापासून माहेरचा रस्ता बंद झाला. आईचे नावसुद्धा त्या अण्णांसमोर काढीत नसत.

म्हणून पन्नास कार्डे पुरी झाली त्या सायंकाळी त्यांनी अण्णांना सरळ विचारले, याचे मला नवल वाटले. “एक कार्ड आईला धाडू का?”

अण्णांनी वर्तमानपत्रातून डोके वर काढले नाही. तसेच वाचत म्हणाले, “कार्डाला कोण नको म्हणतंय?”

ते कार्ड वहिनींनी एकटीने केले. पान कोणते, तर दारातल्या कडुनिंबाची लहानशी डहाळी. त्या कोरड्या वर्षात आमच्या आळीत मनापासून हिरवे असे तेवढेच एक झाड होते. डहाळी निजवायला त्यांना धीर नव्हता. ओली असतानाच रंग लावला, तोही जाड. ठसा फाकला. दोनतीन पाने एकमेकांत मिसळली आणि कार्डाच्या कडेला त्यांच्या अंगठ्याची हिरवी खूण उमटली. इतरांच्या पन्नास कार्डांवर न चुकलेला हात स्वतःच्या एका कार्डावर चुकला — का, हे मी तेव्हा स्वतःला विचारले नाही.

“आत काय लिहू, वहिनी?”

“काय बी नका लिहू. पान हाय की.”

आता मुद्द्यावर येतो. प्रत्येक कार्डाच्या दर्शनी बाजूस, खाली उजव्या कोपऱ्यात, मी माझ्या नावाचा एक छोटा शिक्का मारीत असे. रबरात स्वतः कोरलेला. त्याचा मला फार अभिमान होता. वहिनींच्या कार्डावर तो मारायला मी शिक्का उचलला — आणि माझा हात पुढे होईना. हे फाकलेले, डागाळलेले पान, आणि त्याखाली माझे नाव? अकोल्याकडे ते चार माणसांत फिरणार. नगरचा चित्रकलामास्तर हाच का, असे लोक म्हणणार. स्वतःची समजूत मी वेगळी घातली, हेही लपवत नाही. मयतीहून परतल्यावर आपण कडुनिंबाचा पाला चावतो. दिवाळीच्या शुभेच्छांवर असले पान बरे दिसते का, असे मी मनाशी म्हणालो. पण ते नंतर सुचले. आधी शिक्क्याचा विचार आला होता.

माझ्याजवळ आंब्याच्या पानाचे एक उत्कृष्ट कार्ड शिल्लक होते. त्यावर मी शिक्का मारला, आत वळणदार अक्षरात ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’ असे लिहिले, पाकिटावर पत्ता घातला आणि ते पेटीत टाकले. वहिनींचे कार्ड माझ्या चित्रवहीत गेले. वहिनींनी विचारले, “टाकलं?” मी म्हणालो, “टाकलं.”

एवढेच असते तर मी हे लिहायला बसलो असतो का? कदाचित नसतो. एका गर्विष्ठ तरुणाची ती क्षुद्र लबाडी होती. खरा दोष पुढचा आहे.

दिवाळीनंतर वहिनी रोज दुपारी दारात बसू लागल्या. बसथांब्याकडून येणारा रस्ता तिथून दिसे. त्यांना दिवस गेले आहेत हे मला पौषात कळले. धाकट्या दिराला असल्या गोष्टी कोण सांगतो? फाल्गुनात त्यांना मुलगी झाली. शेजारच्या काकूंनी सारे निभावून नेले. बाळ सुखरूप, वहिनी सुखरूप. अण्णांनी कारखान्यात पेढे वाटले. बाळंतिणीच्या पाण्यात घालायला कडुनिंबाचा पाला मीच रोज तोडून देत होतो.

एका सकाळी मी डहाळ्या घेऊन दाराशी उभा राहिलो. वहिनी बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डहाळ्यांकडे पाहून त्या अगदी सहज बोलू लागल्या — जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तशा.

“मागल्या टायमाला आईनं मला राजूरच्या यस्टीत बसवलं ना भावजी, तवा म्हनली, पुन्यांदा दिवस राह्यलं की पत्र नको. पत्र तुझा भाऊ वाचंल, समदं घर ऐकंल. कडुलिंबाचं पान तेवढं धाड. बाळंतिनीचं पानी मीच तापवनार. कुनाला न इचारता यस्टीत बसून येते का न्हाई बघ.” त्यांनी बाळाच्या टाळूवरून बोटे फिरवली. “पान तर धाडलं. नाय आली. लेकाचंच खरं झालं तिला.”

सांगा, त्या क्षणी काय करायला हवे होते? चित्रवही आतल्या खोलीत होती, दहा पावलांवर. “वहिनी, पान गेलेच नाही” — चार शब्द होते. मी डहाळ्या खाली ठेवल्या आणि म्हणालो, “पाणी तापलं असेल, बघतो.”

त्यानंतर मी स्वतःला अनेक मुदती दिल्या. बारसे होऊ द्यावे. अण्णांचा राग निवळू द्यावा. नगरहून अकोल्याला एस. टी. होती, रोज होती. वैशाखात एका रविवारी, शाळेच्या कामाला जातो असे सांगून, मी तीत बसलोही. म्हातारीला सारे सांगायचे आणि सोबत घेऊनच परतायचे, असा निश्चय केला होता. संगमनेरच्या स्थानकावर गाडी थांबली. मी चहा घ्यायला उतरलो. वहिनींच्या भावाला तोंड कसे द्यावे, अण्णा काय म्हणतील, आणि वहिनी — वहिनी माझ्याकडे कशा पाहतील, हे घोळवीत मी तो चहा संपवला. गाडी सुटताना मला दिसली. मी हलकेच दुसऱ्या बाजूला गेलो आणि नगरच्या गाडीत बसलो.

वहिनींनी आईला पुन्हा काही धाडले नाही. त्या मानी होत्या. आईनेही बोलावल्यावाचून यायचे नाही असे ठरवलेले. दोघी आपापल्या जागी थांबून राहिल्या — आणि दोघी कशासाठी थांबल्या आहेत, हे जगात एकट्या मला ठाऊक होते.

दुसरी दिवाळी उलटून थोडे दिवस झाले आणि निरोप आला की म्हातारी गेली. मरणापुढे भांडण कसले? अण्णा, वहिनी, कडेवरची मुलगी आणि मी, सारे गेलो. पोहोचलो तेव्हा सर्व आटोपले होते. तो तिखट तोंडाचा भाऊ अण्णांच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला.

देवळीशेजारच्या भिंतीवर, भाताच्या खळीने चिकटवलेले, माझे कार्ड होते. आंब्याचे पान. त्यावर हळदीकुंकवाची बोटे — एकावर एक, कितीतरी. वहिनी त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. भाऊ मागून सांगत होता.

“सनासुदीला ह्याला बी हळदकुकू लावायची. येईल त्याला दावायची. म्हनायची, आंब्याचं पान धाडलंय, म्हंजी माझी लेक सुखात हाय, तिला कशाची गरज न्हाई. म्या म्हनलं, जाऊन ये की एकडाव. तर म्हनली, तिनं बलवलं तर पायी जाईन. पर ती बलवीत न्हाई.”

वहिनींना वाचता येत नव्हते. पण खालच्या कोपऱ्यातला तो शिक्का त्यांना ओळखू येत होता. पन्नास कार्डांवर त्यांनी तो पाहिला होता. त्यांनी कार्डाला हात लावला नाही. शिक्का नीट पाहून घेतला आणि वळल्या. मी शेजारीच होतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. राग मला दिसला नाही, शोधूनही दिसला नाही. त्या हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असे म्हणाल्या —

“शिरा लई साफ उठल्यात, भावजी.”

मी मान खाली घातली. तेव्हाही बोललो नाही.

या गोष्टीविषयी आमच्यात झालेले हे पहिले आणि शेवटचे बोलणे. पुढच्या दिवाळीला मी कार्डांचा कागद बाहेर काढलाच नव्हता. वहिनींनीच काढला. पोळ्या झाल्यावर लाटणे पुसले, माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “आना पानं.” त्यांनी माझे लग्न जमवले, माझ्या मुलांची आजारपणे काढली. मला वाढताना ताटातली पहिली पोळी नेहमी तव्यावरची, गरम असे. त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर ती आजही तशीच असते. त्यांच्या या मायेला मी क्षमा म्हणू का? तसे म्हणण्याचा अधिकार माझा नाही.

अण्णा आता नाहीत. वहिनी मुलीकडे असतात आणि मुलगी त्यांना दुपारी वाचून दाखवते, जे छापील हाती येईल ते. हेही येईल. हे वाचावे की पान उलटावे, ते ती ठरवील.

वहीतले कार्ड मी आज पुन्हा काढून पाहिले. हिरवा रंग तपकिरी झाला आहे. फाकलेली पाने तशीच आहेत, आणि कडेला त्यांचा अंगठा — त्याची मात्र रेघन् रेघ उठली आहे. कोपऱ्यात शिक्का नाही. आत कोरे आहे. काही लिहू नका, असे त्यांनी सांगितले होते.