पाऊण मिनिटाचे मोहिते सर

मोहिते सर मॅच चालू असताना गोलकडे बघायचेच नाहीत. ते पोरांचे गुडघे बघायचे. वाकलेला गुडघा सरळ व्हायला लागला की पोर दमलं, हे त्यांचं गणित. लगेच बेंचच्या दाराची कडी उघडून आवाज द्यायचे, "चेंज! यल्ला, बाहेर!"

अबू धाबीतल्या आमच्या मुलांच्या आइस हॉकी टीमचे ते कोच. मूळचे फलटणकडचे. सैन्यात असताना लेहला गोठलेल्या तळ्यावर हा खेळ शिकले. निवृत्तीनंतर इथे सिक्युरिटी सुपरवायझर झाले आणि सुट्टीच्या दिवशी फुकट कोचिंग करायचे. मी टीमची मॅनेजर. हेल्मेट, पाण्याच्या बाटल्या, कोण कोणाच्या गाडीतून येणार, हे सगळं माझ्याकडे. माझी इरा तिसऱ्या लाइनमध्ये खेळायची.

लाइन म्हणजे काय ते आधी सांगते, कारण अन्याय तिथेच झाला. गोलकीपर सोडून बर्फावर पाच जण असतात. ते इतका जीव तोडून पळतात की पाऊण मिनिटात पाय भरून येतात. म्हणून पाच-पाच जणांच्या तीन लाइन आळीपाळीने उतरतात. बदलासाठी खेळ थांबत नाही. दमलेला दाराशी पोहोचला की ताजा उतरतो. मोजून पाचांपेक्षा जास्त जण खेळात सापडले, तर टीमला दोन मिनिटं एक खेळाडू कमी घेऊन खेळावं लागतं.

"कोच, आय ॲम नॉट इव्हन टायर्ड!" विवान दर वेळी कुरकुरायचा. टीममधला सगळ्यात चपळ मुलगा.

"तुला कळायच्या आधी मला कळतं. बस, पाणी पी," सर म्हणायचे.

विवानचे वडील पानसे राहायचे अल रीम आयलंडसारख्या महागड्या भागात, आणि आमच्या जर्सीवर त्यांच्या कंपनीचं नाव होतं. फायनलच्या आधी ते बेंचपाशी आले. "सर, शेवटच्या पिरियडला तिसरी लाइन नको हं. हबीबी, आपल्याला जिंकायचंय की समाजसेवा करायचीय?"

"साहेब, तुम्ही वर बसा. खाली मी आहे," सर एवढंच बोलले.

शेवटचा पिरियड, बरोबरी. सरांनी चेंज दिला. विवान दाराशी आला, इरा उतरली. तेवढ्यात वरून पानसे ओरडले, "विवान, थांब! गो बॅक!" पोरगा गर्रकन वळला आणि पुन्हा खेळात घुसला. पाचाचे सहा झाले. शिट्टी वाजली, शिक्षा झाली, आणि त्या दोन मिनिटांतच समोरच्यांनी गोल केला. आम्ही हरलो.

नंतर कॅफेटेरियात टीमची पालक-कमिटी बसली. विवानला शेजारी बसवून, कॉफी पीत पानसेच बोलत होते, "बेस्ट प्लेयरला बाहेर कोण काढतं? त्यात सहा जण बर्फावर! बेसिक डिसिप्लिन नाही." स्वतःच्या घशातून निघालेली आरोळी हा माणूस सोयीस्कर विसरला होता! मी उठून म्हणाले, "ओरडलं कोण ते सगळ्यांनी ऐकलंय." सगळ्यांनी ऐकलं होतं खरं, पण सगळे मोबाइलमध्ये बघत बसले. सर म्हणाले, "बेंच माझा. चूक माझी." खलास. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्यांच्या आजवरच्या कोचिंगबद्दल आभार मानणारा मेसेज पडला, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

मीटिंग संपल्यावर पार्किंगमध्ये मी सरांवरच भडकले होते. "नाव का नाही घेतलंत?"

"मॅडम, कुणाचं नाव घेऊ? पोराचं? अकरा वर्षांचं आहे ते. बापाचं ऐकलं त्यानं."

"मग बापाचं घ्यायचं!"

"त्याच्या पोरासमोर?" ते म्हणाले आणि गाडीत बसले. पुढे नोकरीत त्यांची बदली रास अल खैमाला झाली.

नवा कोच पानशांनी आणला. आता विवान स्वतः हात करून चेंज मागेपर्यंत बर्फावर असतो आणि तिसरी लाइन हेल्मेट घालून बसते. गेल्या शनिवारी इराची बॅग उघडली. जर्सी कोरडी ठणठणीत. धुवायला टाकायचं कारणच नव्हतं. माझं डोकं सणकलं. मी सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

स्वतःला काढलं तेव्हाही आवाज न चढवलेला माणूस ओरडला, "अजिबात नाही? एकदाही नाही उतरवलं?"

"एकदाही नाही."

मग ते हळू म्हणाले, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, मॅडम. मला वाटलं, एका पोराला वाचवतोय. पाच बसवली मी."

मी हेच त्यांना पार्किंगमध्ये सांगत होते. तरी त्या क्षणी मला हो म्हणता येईना.