विहिरीवरचा तुटलेला दोर

चांदवड तालुक्यातलं ते प्रकरण मी निवृत्तीनंतरही मनातून काढू शकलेलो नाही. नावं सांगत नाही. ती माणसं अजून त्याच मळ्यात राहतात.

विहीर खोल करायचं काम चालू होतं. दगड वर ओढायला घरच्यांनी यारी, म्हणजे डिझेलवर चालणारं दोराचं यंत्र, बसवली होती. तिच्या लोखंडी डोलात उभा राहून थोरला भाऊ खाली उतरत होता. अर्ध्या वाटेत दोर तुटला आणि तो खडकावर पडून जागीच गेला. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, पंचनामा केला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. "साहेब, त्याच दोरानं माणसापेक्षा जड दगड निघाले. मंग माणसानं कसा तुटला? दोर कापलाय. दोघा भावांचं बांधावरनं लय भांडण व्हतं." नाव न सांगता त्याने फोन ठेवला.

प्रश्न बिनतोड होता. मी धाकट्या भावाला चौकशीला बोलावलं. तो समोर बसला आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "मीच कापला साहेब. इळ्यानं."

मी चमकलो. इतक्या वर्षांत पाहिलं होतं, की गुन्हेगार आधी आढेवेढे घेतो. हा तर अटक करून घ्यायला उतावीळ होता.

"कापलास तर टोकं सरळ हवीत," मी म्हणालो. "पंचनाम्यात टोकं केरसुणीसारखी पिंजलेली आहेत."

तो मान खाली घालून तेच बोलत राहिला, "मीच कापला."

नाशिकहून न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या तज्ज्ञ बाई आल्या. उरलेल्या दोराला त्यांनी मयताच्या वजनाएवढं वाळूचं पोतं टांगलं. दोराला काही झालं नाही. पोतं सावकाश खाली सोडलं, तरीही काही झालं नाही.

"वस्तू नुसती टांगलेली असेल, तर दोरावर तिच्या वजनाएवढाच ताण येतो," बाई म्हणाल्या. "दगड हळूहळू वर आले, म्हणून दोर टिकला. पण वेगाने खाली जाणारी वस्तू एकदम थांबवली, की तेवढ्याच वजनाचा ताण कैक पटींनी वाढतो. आता पोतं सैल सोडून मध्येच ब्रेक दाबते."

एवढ्यात पंचांच्या मागे उभा असलेला धाकटा भाऊ शिपायाचा हात झटकून धावला आणि यारीला मिठी मारून ओरडला, "नका साहेब! वहिनीसमोर नका दाखवू!"

मी वळून पाहिलं. मयताची बायको बांधावर उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. यारी नेहमी दीरच चालवायचा, पण त्या दिवशी तो डिझेल आणायला गेला होता, हे तेव्हा कळलं. नवरा खाली उतरताना यारी तिच्या हातात होती.

"भाऊजी, सोडा," ती जवळ येऊन म्हणाली. "साहेब, डोल सुसाट खाली चालला. हे पडत्यात असं वाटलं, म्हणून जीव खाऊन ब्रेक दाबला. दोर माझ्यासमोरच तुटला. मला पयल्या दिसापासून ठाव हाय."

दिराने यारी सोडली. "तुला कळू नये म्हणून तर मी..."

कायद्याला पुरावा लागतो, म्हणून चाचणी घ्यावीच लागली. तिला शेजारणीने घरी नेलं. ब्रेक दाबताच मोठा आवाज झाला आणि पोतं विहिरीत गेलं. वर राहिलेलं टोक तसंच पिंजलेलं होतं. नवऱ्याला वाचवायला जे केलं, त्यानेच तो गेला होता.

अपघाती मृत्यूचा अहवाल पाठवून मी प्रकरण बंद केलं. बांधावरून भांडणारा तो दीर भावजयीसाठी जन्मठेप भोगायला तयार होता, आणि गावाने त्यालाच खुनी ठरवलं होतं.

त्यानंतर समोर कोणी झटकन गुन्हा कबूल केला, की मी कागद बाजूला सारायचो, त्याला पाणी द्यायचो आणि विचारायचो, "कोणासाठी बोलतोयस?"