ओल्या फडक्यातली माती

“या वयात शाळेत जातेस, आणि शाळेत जाऊन काय, तर चित्रं काढतेस,” सेगामेत्सीची आई चहात साखर ढवळत म्हणायची. “मास्तरीण होतीस तेव्हा निदान सुट्ट्या तरी होत्या.”

“चित्रं मी नाही काढत, मा. लोक काढतात. मी बसते.”

“बसायलाही शिकवतात का आता?”

खरं तर तेच शिकवत होते, आणि तेच सगळ्यात अवघड होतं. कागिसो वस्तीतल्या शाळेत ती चित्रकला शिकवायची. मुलं रंगवता रंगवता असं काही बोलून जात, की ऐकणाऱ्याला पुढे काय करावं सुचू नये. म्हणून तिनं नोकरी सोडली आणि जोहान्सबर्गला कला-उपचाराच्या, म्हणजे चित्रं नि मातीकामातून मनावर उपचार करायच्या, पदव्युत्तर वर्गात नाव घातलं. आता दुसरं वर्ष चालू होतं. उजाडायच्या आत टॅक्सी, मग दवाखान्यातलं काम, दुपारी वर्ग, परत टॅक्सी. शिकणाऱ्यानं स्वतःही कुणापुढे तरी मन मोकळं करायला बसायचं, असा तिथला नियम. सेगामेत्सी एकदा त्या खुर्चीत झोपूनच गेली. समोरच्या बाईंनी उठवलं नाही. जाग आल्यावर तिला रडू फुटलं, ते कशाचं हे तिलाच कळलं नाही.

दवाखान्यात तिच्याकडे म्हाताऱ्या माणसांचा गट होता. चहा, गप्पा, मग रंग आणि माती. त्यांतले रा सेलेके – ‘रा’ म्हणजे बाबा – कधीच बोलत नसत. त्यांचं आयुष्य खाणीत गेलं होतं, छाती कामातून गेली होती. मुलगा थेबे बंद पडलेल्या खाणीत चोरून सोनं काढायला उतरला आणि वर आलाच नाही. खाली दरड कोसळली, वरून खाणीचं तोंड बुजवलं गेलं. प्रेत नाही म्हणून प्रेतयात्रा नाही. बापाला मुलावर मूठभर माती टाकता आली नाही. तेव्हापासून म्हातारा गप्प झाला होता.

गटात ते मातीचा गोळा घेत आणि अंगठ्यानं गुळगुळीत करत राहत. त्याला डोकं नाही, हातपाय नाहीत. वेळ संपली की तो ओल्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवत. पुढच्या आठवड्यात काढून पुन्हा तेच.

“हे काय होतंय, रा?” सेगामेत्सीनं एकदा विचारलं.

“बटाटा असेल गं,” शेजारच्या मा दिनेओ म्हणाल्या. “बिस्किटं किती वाटतेस ते बघ आधी. भुकेली माणसं बटाटेच करणार.”

सगळे हसले. रा सेलेक्यांचा अंगठा मात्र चालूच राहिला.

या कामाचा पहिलाच धडा सोपा आहे. कुणी जे घडवलं ते त्याचं. आपण त्याचा अर्थ लावायचा नाही, त्याला हात लावायचा नाही, आणि शेवटपर्यंत जपून ठेवायचं. परीक्षेत सेगामेत्सीनं त्यावर लांबलचक उत्तरही लिहिलं होतं.

जून म्हणजे तिथला ऐन हिवाळा. कडाक्याच्या थंडीत एका सकाळी सुट्टीतल्या लहान मुलांचा गट यायचा होता आणि माती कमी पडत होती. झोप अर्धी, बोटं गारठलेली. कपाटात एक ओलं फडकं दिसलं, आत बिनआकाराचा गोळा. उरलेली माती, असं तिला वाटलं. वाटलं म्हणण्याइतकाही विचार झाला नव्हता. तिनं तो बादलीतल्या मातीत टाकला, पाणी शिंपडलं आणि दोन्ही हातांनी मळला. मुलांनी त्या मातीच्या गाई केल्या, मोडल्या, पुन्हा केल्या. शेवटी सगळी माती परत बादलीत गेली.

फडकं पिळून वाळत घालताना तिचं लक्ष गेलं. निळ्या चौकड्यांचं. रा सेलेक्यांनी घरून आणलेलं.

तिनं आपल्या मार्गदर्शिकेला, आंथियाला, त्याच दिवशी सांगितलं. आंथियानं हातातलं पेन खाली ठेवलं.

“त्यांना सांगणार आहेस?”

“सांगितलं आणि ते परत आलेच नाहीत तर?”

“तर मला तुझ्या अहवालात तसं लिहावं लागेल.”

“म्हणजे माझं वर्ष गेलं.”

“जाईलही. पण तुला आधी कशाची भीती वाटतेय, वर्षाची की त्यांची, तेवढं बघ.”

घरी आईकडे सोपा उपाय होता. “सांग, झाडणाऱ्या बाईनं टाकलं.”

“तिची नोकरी जाईल, मा.”

“मग मांजर म्हण. मांजराला कुठे नोकरी असते?”

पुढच्या आठवड्यात रा सेलेक्यांनी कपाट उघडलं, फडकं उचललं, खालचा कप्पा पाहिला. मग वळले.

“कुठाय?”

त्यांचा आवाज गटात कुणीच ऐकला नव्हता. सेगामेत्सी उभी राहिली. “मी मळून टाकला, रा. मला वाटलं उरलेली माती आहे. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही.”

म्हाताऱ्यानं तिच्या हातांकडे पाहिलं.

“उरलेली,” ते म्हणाले. टोपी घातली आणि निघून गेले.

त्यानंतर त्यांची खुर्ची रिकामी राहू लागली. सेगामेत्सी ती मांडत राहिली. घरी जाऊन माफी मागायची तिला मुभा नव्हती. ती माफी त्यांच्यासाठी नसून तुझ्याच सुटकेसाठी असेल, असं आंथिया म्हणाली होती, आणि ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. टॅक्सीत ती खिडकीला डोकं टेकून खाणीतून उपसलेल्या मातीच्या पिवळ्या टेकड्या बघत राही. जुन्या शाळेत परत नोकरीवर घेतील का, असंही मनात येऊन गेलं.

मग एके दिवशी, सगळ्यांचा चहा संपता संपता, रा सेलेके घोंगडी पांघरून दारात उभे.

“कुठली बादली?”

तिनं दाखवली. ते धापा टाकत वाकले.

“यातच आहे?”

“यातच, रा. पण वेगळा काढता यायचा नाही.”

“खालीही तसंच झालं असणार,” म्हातारा म्हणाला. “दगडात. थेबेला वेगळा कोण काढणार?”

त्यांनी बादलीतली मूठभर माती घेतली आणि अंगणात गेले. कुंपणाजवळच्या झाडाखाली बुटाच्या टाचेनं खळगा केला, मूठ त्यात सोडली. बाकीची माणसं कोट सावरत मागोमाग आली. मा दिनेओंनी भजन धरलं. एकेकानं वाकून वर माती टाकली. शेवटी रा सेलेक्यांनी सेगामेत्सीला खूण केली. उपचार करणारीनं अशा वेळी काय करायचं, हे कुठल्या वर्गात सांगितलेलं नव्हतं. तिनं माती टाकली.

“अगं पाणी!” मा दिनेओ ओरडल्या. “हात न धुता आत जायचं का? कुणी शिकवलं की नाही तुला?”

ब्रश धुवायचं घमेलं रिकामं करून, घासून, तिनं ताजं पाणी भरलं आणि दाराबाहेर ठेवलं. स्मशानातून आल्यावर फाटकाशी ठेवतात तसं. रा सेलेक्यांनी हात धुतले आणि बाजूला झाले.

“धू, पोरी. तुझ्याही हाताला लागलाय तो.”

आंथियानं सगळं ऐकून घेतलं. सेगामेत्सी शाबासकीची वाट बघत होती, हे तिला स्वतःलाच कळत होतं.

“चांगलं झालं,” आंथिया म्हणाली. “पण चांगलं जे झालं ते त्यांनी केलं. तू केलीस ती चूकच. दोन्ही एकत्र मळू नकोस.”

वर्ष पुरतं वाया गेलं नाही, पण ते डिसेंबरला संपलं तरी पदवीआधी दवाखान्यात आणखी काही महिने काम करायचं ठरलं. त्याच गटाबरोबर. रा सेलेके येतात. माती घेत नाहीत, चहा घेतात, आणि मा दिनेओंशी बिस्किटांवरून भांडतात.

हे ठरलं त्या संध्याकाळी आईनं ताट वाढलं. ‘पाप’, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि पालेभाजी.

“म्हणजे अजून बसायचंय?”

“अजून बसायचंय, मा.”

“नखांत माती आहे तुझ्या. हात धू.”

“धुतलेत,” सेगामेत्सी म्हणाली, आणि घास हातात घेऊन तशीच बसून राहिली.