हार्लनसाठी प्रार्थना

लॉरीनच्या छातीतली गाठ काढली त्या आठवड्यात तिचा फ्रीज ओसंडून वाहायला लागला. मिनेसोटातल्या त्या गावात कुणाकडे आजारपण आलं की चर्चमधल्या बायका बटाटे घालून भाजलेला खिमा भांड्यात झाकून आणून देतात. "हार्लन बिचारा किती खचलाय गं," असं त्या दारातच सांगत, आणि लॉरीन एका हाताने भांडं सावरत त्यांचे आभार मानी.

हार्लन तिचा नवरा. चर्चच्या गायनाचा म्होरक्या, गावाच्या गळ्यातला ताईत. घरात मात्र त्याच्यापुढे दुसऱ्या कुणाला दुखायची सोय नव्हती. लॉरीनची आई वारली, तेव्हा दफनानंतरच्या जेवणात आपल्याला बोलायला सांगितलं नाही म्हणून या गृहस्थाने महिनाभर अबोला धरला. तो असा कुणाला दुखवी आणि लॉरीन मागून समजूत काढत फिरे. उभा जन्म तिने हीच नोकरी केली.

त्यांची मुलगी ब्रिटा शहरात एका समुपदेशक बाईंकडे जायची. ती म्हणाली, "याला नाव असतं, आई. नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी, म्हणजे सतत मीच मी. बाबांना तपासल्याशिवाय त्या ठामपणे सांगणार नाहीत. पण लक्षणं वाचली, तर आपलंच घर."

"अगं, त्याला जरा कौतुक लागतं, इतकंच."

"जरा? रविवारी प्रार्थना झाली की गाडी घेऊन येते. केमोचे महिने माझ्याकडे काढ. इथे राहिलीस तर आजारी तू आणि सेवा त्यांची."

लॉरीन हो म्हणाली नाही. नाही म्हणायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

रविवारी पास्टरबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणासाठी प्रार्थना करायची? हार्लन उठला. "माझ्यासाठी," तो कापऱ्या आवाजात म्हणाला. "या आजारपणात माझा डोळ्याला डोळा लागत नाही. फार सोसतोय मी." पुढच्या बाकावरची मंडळी वळली, कुणी त्याचा हात धरला. बायकोचं नावही त्याने घेतलं नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. लॉरीनने सवयीने मान खाली घातली आणि तीही त्याच्यासाठी प्रार्थना करू लागली. अर्ध्यावर तिचं तिलाच कळलं, आपण काय करतोय ते. राग आला नाही. वीट आला.

"ऑपरेशन माझं झालंय," ती बसल्या जागेवरून म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मग हार्लन हसला. "गोळ्यांमुळे बरळते हो ती." हायसं वाटून सगळेच हसले.

प्रार्थना संपल्यावर लॉरीन ब्रिटाच्या गाडीत जाऊन बसली. हात वर जाईना, म्हणून पट्टा ब्रिटाने लावला. तेवढ्यात शेजारीण मर्ना लगबगीने आली.

"अगं, तू निघालीस, पण हार्लनचं कसं होणार?"

"मर्ना, मला कसं वाटतंय, हे तू एकदाही विचारलं नाहीस गं."

मर्ना गोंधळली. "तू काय, खंबीर आहेस," ती म्हणाली, आणि हार्लनला धीर द्यायला आत वळली.