पलीकडची सीट

मी फौजेत गेलो तो रेल्वेतून. टेरिटोरियल आर्मी म्हणजे अर्धवट फौज, असं आमच्या वस्तीतले लोक हसून म्हणायचे आणि मी त्यांच्याशी भांडायचो. वर्षातून एकदा कॅम्प, परेड, फायरिंग. बोलावणं आलं की अंगावर वर्दी आणि सांगतील तिथे पोस्टिंग. एरवी नागपूरच्या लाइनीवर कोळशाच्या मालगाड्या चालवायच्या. जिथे गाडी न्यायला दुसरं कोणी तयार नसतं तिथे ती न्यायची, यासाठी आम्हा वर्दीवाल्यांना ठेवलेलं. मी हवालदार होतो. माझा असिस्टंट लान्स नायक धनराज, खाप्याचा. घरचे कोष्टी. बापाचा माग बंद पडला तेव्हा हा रेल्वेत लागला आणि पुढे माझ्या मागे लागून वर्दीतही आला.

आधी इंजिनाचं सांगतो, नाही तर पुढचं कळणार नाही. हल्ली या इंजिनाचं कौतुक करणारे पुष्कळ झालेत, तेव्हा तेही ऐकून घ्या.

डब्ल्यूडीजी-फोर. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, जी म्हणजे मालगाडी. आराखडा अमेरिकेचा. पहिली काही तिकडूनच आली, मग आपल्याकडे बनू लागली. चार हजार हॉर्सपॉवर. यात डिझेल थेट चाक फिरवत नाही. ते वीज बनवतं आणि चाकांच्या मध्ये, अगदी खाली लटकलेल्या मोटरी त्या विजेवर फिरतात. जुन्या डिझेलवर चढणीला जीव मुठीत धरून बसावं लागे. मोटर तापायची, चाक जागच्या जागी फिरायचं. हिचा कॉम्प्युटर चाक घसरण्याआधीच आवरतो. ओल्या रुळावर, मालाने भरलेल्या वाघिणी घेऊन हिने मला कधी दगा दिला नाही. यंत्र चांगलं होतं, खोटं कशाला बोलू?

पण दोन गोष्टी होत्या. मोटरी खाली असल्यामुळे पाण्याशी हिचं जमायचं नाही. रुळाच्या माथ्यावर चार बोटं पाणी चढलं की थांबायचं. आणि दुसरी, कॅब, म्हणजे ड्रायव्हरची खोली, एकाच टोकाला. कॅबच्या एका बाजूला आखूड नाक, शॉर्ट हूड. दुसऱ्या बाजूला सगळं इंजिन पोटात घेतलेलं लांबच लांब नाक, लाँग हूड. ते लांब नाक पुढे करून चालवायची वेळ आली म्हणजे घराच्या परसातून अंगण बघण्यासारखं. ड्रायव्हरला आपल्या बाजूचा रूळ दिसतो. पलीकडच्या बाजूला नुसती लोखंडाची भिंत. तिकडच्या सीटवर असिस्टंट बसतो, सिग्नल मोठ्याने सांगतो आणि ड्रायव्हर तोच परत म्हणतो.

धनराज मला चिडवायचा. "दादा, तुमी आर्धे आंधळे हाय, हे वहिनीले लग्नाआधी सांगितलं होतं का?"

"सिग्नल पाय गा तू," मी म्हणायचो.

त्या पावसाळ्यात बोलावणं आलं. ईशान्येकडे पूर होता. आम्ही पोहोचलो तेव्हा एक पॅसेंजर गाडी सखल भागातल्या एका लहान स्टेशनात अडकलेली होती. तिचं इंजिन पाण्यात मोटरी जाऊन बंद पडलेलं. डबे माणसांनी भरलेले. बायका, म्हातारे, पोरंसोरं. स्टेशनाच्या वरच्या अंगाला नदीचा बांध होता आणि तो रात्र काढणार नाही, असा निरोप होता. आम्हाला हुकूम मिळाला: इंजिन घेऊन जा, मागच्या बाजूने डबे जोडा आणि ओढून उंचावरच्या स्टेशनात आणा.

जाताना शॉर्ट हूड पुढे होतं. सगळं स्वच्छ दिसत होतं. पाणी तेवढ्यापुरतं रुळाच्या खाली उतरलं होतं. दुपारी डबे जोडले. आता परत यायचं म्हणजे लांब नाक पुढे. इंजिन फिरवायला तिथे जागा नव्हती.

निम्म्या वाटेवर पाणी रुळावर आलं. मी गाडी उभी केली आणि वॉकीटॉकीवर आमच्या तुकडीच्या मेजरसाहेबांना सांगितलं.

"पानी कितना?"

"रेल के ऊपर दो उंगली, सर."

"दो आदमी आगे चलेंगे. वॉकिंग स्पीड."

ही जुनी रीत आहे. पाण्याखाली रूळ दिसत नाही, आणि रूळ असला तरी त्याखालची खडी आहे की वाहून गेली ते कळत नाही. म्हणून इंजिनाच्या पुढे दोन माणसं चालतात, एकेका रुळाच्या कडेने, काठीने चाचपत. माणूस पुढे, मागून गाडी.

"सर, ट्रॅकमन एक ही है. सॅपर यादव."

"असिस्टंट को उतारो."

"सर, लाँग हूड आगे है. उस तरफ देखनेवाला कोई नहीं रहेगा."

वॉकी खरखरला.

"यादव देखेगा. मूव्ह."

मीच उतरलो असतो. पण ती गाडी हाकायचा अधिकार तिथे माझ्या एकट्याकडे होता. धनराज तोवर पँट गुडघ्यापर्यंत दुमडत होता.

मी म्हणालो, "तू माह्या बाजूनं चाल. यादवले तिकडं पाठव."

"तो ठेंगणा हाय दादा. तिकडं पाण्याले ओढ जास्त हाय," तो म्हणाला. "तुमी ब्रेक पाहा, मी रूळ पाह्यतो."

"हळू चाल. घाई करू नको."

"मले काय घाई हाय? मागं चार हजार घोडे हायेत, त्याइले घाई," असं म्हणून तो शिडीवरून खाली उतरला.

ज्याच्या डोळ्यांनी मी पलीकडची बाजू बघायचो, तोच पलीकडच्या बाजूला खाली गेला आणि त्याची सीट रिकामी राहिली. ठरलं असं की यादव माझ्या बाजूने चालणार, मान वळवून धनराजला बघणार आणि मला हिरवी झेंडी दाखवत राहणार. यादव बघेल तेवढं मला कळेल. पाऊस होता. मी खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत होतो. हात ब्रेकवर, नजर यादवच्या झेंडीवर. यादव बघायचा, झेंडी हलवायचा, पुढे पाऊल टाकायचा. पुन्हा बघायचा. असं बराच वेळ चाललं. मागच्या डब्यात कोणाचं तरी पोर रडत होतं ते मला इंजिनाच्या आवाजातही ऐकू येत होतं.

मग यादवने मान वळवली आणि झेंडी हललीच नाही. तो तसाच बघत राहिला. नंतर त्याने दोन्ही हात वर केले.

मी ब्रेक मारला. गाडी थांबली. मी धनराजला हाक मारली. शिट्टी वाजवली, परत वाजवली. यादव ओरडत होता, "गया हवालदारसाब, गया."

पलीकडच्या रुळाखालची खडी पाण्याने नेली होती. रूळ आणि स्लीपर अधांतरी लोंबत होते. धनराजचा पाय तिथेच गेला आणि खालच्या ओढीने त्याला नेलं. इंजिन तिथून काही पावलांवर होतं. ते तसंच पुढे गेलं असतं तर मागचे डबे घेऊन नदीत गेलं असतं. तो गेला म्हणून बाकीचे राहिले. एवढा साधा हिशेब आहे.

मी खाली उतरलो नाही. मागे गाडीभर माणसं होती आणि ब्रेक माझ्या हातात होता. यादव कमरेला दोर बांधून काठाकाठाने शोधत गेला. अंधार पडायच्या आत मेजरसाहेबांचा आवाज आला, गाडी मागे स्टेशनात ढकला. मी ढकलली. आता शॉर्ट हूडच्या बाजूने जात होतो, म्हणून पुढे डबे असले तरी दोन्ही अंगांचं पाणी पुन्हा दिसत होतं.

आणि ऐका. तो बांध त्या रात्री फुटला नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. पाणी उतरलं, होड्या आल्या, लोक आपापल्या घरी गेले. गाडी हलवायची गरजच नव्हती. मेजरसाहेब वाईट माणूस नव्हते. बांध फुटला असता तर आज मी त्यांचे गोडवे गायलो असतो. पण फुटला नाही, आणि हे मला इतक्या वर्षांत गिळता आलेलं नाही. धनराज खाली एका गावच्या लोकांना सापडला. मी त्याला खाप्याला घेऊन आलो. कन्हानच्या काठावर सलामी दिली. त्याची बायको सुनंदा तेव्हा तिथेच उभी होती.

पुढे या इंजिनाचा नवा प्रकार आला. दोन्ही टोकांना कॅब. लांब नाकाची भानगडच मिटली. मी त्यावरही ड्यूटी केली. पहिल्या दिवशी कॅबमध्ये चढलो, समोर दोन्ही रूळ दिसले आणि मला अशी तिडीक आली की म्हणता सोय नाही. हे सुचायला यांना एवढा उशीर काहून लागला?

आता विजेच्या तारा सगळीकडे पोहोचल्या आणि डिझेल भंगारात निघालं. मागच्या महिन्यात रेल्वेचा नाद असलेल्या काही तरुणांनी बोलावलं. बुटीबोरीच्या पुढे एका सायडिंगवर याच जातीचं एक इंजिन कापायला उभं होतं. त्याला निरोप द्यायचा होता. हार आणले होते, केक आणला होता. मी बोलायला उभा राहणार, तर एक जण कानाशी म्हणाला, "काका, इंजिनाची माहिती सांगा. दुःखाचं नको, मूड जातो."

मी सुनंदाला सोबत घेऊन गेलो होतो. मी माहिती सांगितली. घोडे, मोटरी, कॉम्प्युटर. टाळ्या पडल्या. मग तिला हात देऊन कॅबमध्ये चढवलं.

ती आधी माझ्या सीटवर बसली आणि लांब नाकाकडे बघत राहिली. "भाऊजी, इथून तं तिकडचं काहीच नाही दिसत."

"नाही दिसत."

ती उठली, पलीकडच्या सीटवर जाऊन बसली आणि खिडकीतून वाकली. "अन् इथून तं समदं दिसते."

"हो."

"मंग तवा इथं कोण बसलं होतं?"

"कोणी नव्हतं."

"ही जागा कोनाची होती?"

"त्याचीच," मी म्हणालो.

तिने सीटवरच्या फाटक्या रेक्झिनवरून हात फिरवला आणि तिथेच बसून राहिली. खाली फोटोची तयारी चालली होती. कोणीतरी वर बघून म्हणालं, "ताई, जरा खिडकीतून बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय."

ती उठायला लागली. मी म्हणालो, "बसा." आणि खाली वाकून सांगितलं, "ही जागा हिच्या नवऱ्याची हाय. ही उठणार नाही. काढायचा असंल तं हिच्यासकट काढा."

ते एकमेकांकडे बघायला लागले. पोरं सभ्य होती. हार उचलले, केक उचलला आणि सगळे इंजिनाला वळसा घालून माझ्या सीटच्या बाजूला गेले. तिकडून फोटो चांगला येत होता. सुनंदा पलीकडच्या सीटवर बसून होती, आणि तिच्या खिडकीतून रूळ पार लांबपर्यंत दिसत होता.