ड्रमच्या पोटातली शाल

लातूरच्या एका सत्कार समारंभाचं निवेदन माझ्याकडे होतं. ज्याचा सत्कार होता तो रॉक गाणारा पन्नाशीचा माणूस स्टेजवर माझ्या शेजारी बसला होता. बसला म्हणायचं एवढंच. गुडघा सारखा हलत होता, बोटं खुर्चीच्या हातावर वाजत होती. कॅसेट एकही नाही, पण पुढाऱ्यांची टिंगल करणारी त्याची गाणी नांदेडपर्यंतच्या पोरांना तोंडपाठ. एका आमदारावरच्या गाण्यापायी त्याला मागे स्टेजवरून खाली ओढलं होतं. आज त्याच आमदारांनी त्याला शाल घातली.

त्यानं ती लगेच काढली आणि मोठ्या ड्रमच्या पोटात कोंबली.

"लई घुमत व्हता ह्यो ड्रम," तो म्हणाला. "आजवरच्या समद्या शाली हितंच हायत."

मग त्यानं आमदारावरचं तेच गाणं धरलं. पोरं नाचायला उठली. पहिल्या रांगेत आमदार हसत टाळ्या वाजवत होते, शब्दसुद्धा म्हणत होते. त्याचं तिकडे लक्ष गेलं आणि त्यानं गाणं अर्ध्यातच तोडलं.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"त्याला पाठ हाय," गिटार पिशवीत घालत तो म्हणाला. "आता हे गाणं माझ्या काय कामाचं?"

तो मागच्या दारानं निघून गेला. माझ्या हातात आभाराचा कागद होता. त्यावर पहिलं नाव आमदारांचं. मी ते खणखणीत आवाजात वाचलं.