अंबरची गाडी यायच्या आधी

कूलरच्या जाळीच्या खालच्या कडेला एक थेंब लोंबतो आहे. आधी मोहरीएवढा होता, आता साबुदाण्याएवढा झाला आहे. त्याच्या पोटात खिडकीचे गज उलटे दिसायला लागतात, आता पडणार असं वाटतं, आणि तो पडत नाही. पाण्याचं वजन त्याला खाली ओढतं, पृष्ठताण वर धरून ठेवतो. कधीतरी एकाची हार होणारच, पण कधी, ते नुसतं बघून सांगता येत नाही.

हेमलता खाटेवर कुशीला पडून त्या थेंबाकडे बघते आहे. शहाद्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली ही बाई, दुपारी आडवं व्हायची तिला सवय नाही. पण बाहेर वैशाखाचं ऊन पत्रा तापवतं आहे आणि उशीशेजारी फोन पडला आहे. फोनकडे बघायचं नाही म्हणून थेंबाकडे बघणं चाललं आहे.

पाचच्या गाडीनं तिचं लेकरू नाशिकहून येतं आहे. उद्या पुतण्याची हळद. धाकटा दीर पंढरीनाथ सकाळीच दारात उभं राहून सांगून गेला, "वहिनी, स्टँडवर मीच जातो. पोरीला तिथूनच आमच्याकडे नेतो. कासारीण बसवून ठेवलीय. सगळ्यांच्या आधी करवलीच्या बांगड्या! आणि साडी अशी घेतलीय, नवरी रुसून बसेल बघा."

पंढरीनाथला मुलगी नाही. त्याच्या मुलामागं करा घेऊन उभी राहायला सख्खी बहीण नाही, म्हणून ही चुलत बहीण करवली. त्यानं ते लग्न ठरलं त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. भाचे-पुतण्यांत त्याचा जीव या एकाच पोरात जास्त. ते सगळ्या घराला माहीत आहे.

हेमलता एवढंच म्हणाली, "चहा घेता का?"

सांगायचं होतं ते दिवाळीपासून राहिलं आहे. दिवाळीत दोघं ओट्याशी उभं राहून चकल्या तळत होती, तेव्हा लेकरू म्हणालं, "आई, मी मुलगी नाही. आणि मुलगा व्हायचंय असंही नाही. दोन्हीतलं एकही मला माझं वाटत नाही, कधीच वाटलं नाही. मला अंबर म्हण. माझ्याबद्दल कुणाशी बोललीस तर 'ते' म्हण. अंबर आले, अंबर गेले. एवढंच."

हेमलतानं झारा खाली ठेवला आणि विचारलं, "कधीपासून होतंय?"

अंगात ताप आहे का, असं विचारावं तसं. पुढं रक्त तपासण्याबद्दलही बोलली. लेकरू हसलं. "तपासून घेऊ. सगळं नॉर्मल येईल, आई. आजार असेल तर सापडेल ना?" मग जरा वेळानं, "चकली जळतेय."

तेव्हापासून हेमलतानं एक युक्ती केली. तिनं नाव घेणंच सोडलं. फोनवर 'जेवण झालं का', 'तिकडं ऊन फार असेल', 'येणं कधी होतंय'. कुणी विचारलं तर 'नाशिकला सगळं ठीक'. बारा-पंधरा पुस्तकं वाचून काढली, समजतं सगळं. समजण्याचा प्रश्न तिला कधीच नव्हता. पण पंढरीनाथसमोर तोंड उघडायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते.

काल रात्री फोनवरून लेकरानं शांतपणे सांगितलं, "काकांना तू आधी सांग. मला सांगता येईल, पण मग तू माझ्या बाजूला आहेस की नाही, ते मला कळणारच नाही. नाही सांगितलंस तर मी स्टँडवरूनच परत फिरेन. रागानं नाही. बांगड्या भरून हसत बसणं आता मला जमणार नाही."

साडेचारला पंढरीनाथ निघणार. त्याआधी एक फोन.

थेंब आता खूप मोठा झाला आहे. त्यातले गज हलतात. तो सुटतो, आणि पडल्याचा आवाज होत नाही, कारण तो मातीत पडतो.

खाटेचे पाय ओल्या मातीत रुतले आहेत. सभोवार काळ्या पिशव्यांमधली पपईची रोपं, वर हिरवी जाळी, जाळीतून गाळून आलेलं ऊन. घरची रोपवाटिका विकून टाकली त्याला तीन वर्षं झाली, हे हेमलताला माहीत आहे. तरी ती पदर खोचून उठते, कारण पाण्याची पाळी आहे.

रोपांच्या ओळीत तिचा नवरा उकिडवा बसला आहे. तोच बाही उसवलेला सदरा. तो गेला त्या दिवशी हाच सदरा दोरीवर वाळत होता. त्याचं नाव हेमलता घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. मग आयुष्यभर 'अहो', आणि लोकांशी बोलताना 'ते'. गेल्यावरही ते 'ते'च राहिले.

"उशीर केलास," ते मान वर न करता म्हणतात. "हे काय आहे, सांग बरं."

त्यांच्या हातात मुळासकट उपटलेलं रोप आहे. देठ मोडला आहे, पांढरा चीक ठिबकतो आहे.

"पुन्हा उपटलंत?" हेमलता म्हणते.

"नर दिसला. खोड बघ ना कसं."

"खोडावरून कळत नाही. हजारदा सांगितलं. फूल येऊ द्या."

ते हसतात. ही त्यांची जुनी खोड. एका खड्ड्यात तीन रोपं लावायची, फुलावर आली की ठेवायचं ते ठेवायचं, बाकीची काढायची, अशी सगळ्यांची रीत. पण यांना घाई. पाणी वाचेल, खत वाचेल, म्हणून फूल यायच्या आधीच खोड बघून, मुळं बघून हे उपटून मोकळे व्हायचे. एका वर्षी स्वतःच्याच वावरात असं केलं आणि हंगामाला सगळ्या झाडांना नुसते नर फुलांचे लांब तुरे लोंबले. फळ नावाला नाही. गावानं वर्षभर विचारलं, "काय भाऊ, सगळे नवरदेवच! वरात काढायची का?"

"धर," ते म्हणतात आणि रोप तिच्या हातात देतात. चीक तिच्या अंगठ्यावर ओघळतो, कोमट. "पोर कुठंय?"

यालाच ती भीत होती. जाताना त्यांनी एक जीव तिच्या हवाली केला होता, आणि आता तो परत मागताहेत.

"नाशिकला असणं चालू आहे," ती म्हणते.

"म्हणजे?"

"नोकरी बरी चाललीय. जेवणखाण वेळेवर आहे."

ते तिच्याकडे टक लावून बघतात. मग म्हणतात, "लग्नाच्या पहिल्या वर्षी तू माझ्याशी अशी बोलायचीस. 'पाणी ठेवलंय.' 'वाढलंय.' मी आईला विचारायचो, ही भिंतीशी बोलते की माझ्याशी?"

"तेव्हा लाज वाटायची."

"आणि आता?"

हेमलता उत्तर द्यायला तोंड उघडते, तर समोर कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं लांब टेबल आहे. काळा कडप्पा, नळाची टपटप, फॉर्मलिनचा वास. ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून उभे आहेत, दोन्ही हात पाठीमागं, परीक्षेला आलेल्या पोरासारखे.

"काही दिसत नाही यात," ते म्हणतात.

"त्यात काय शोधताय?"

"तूच ठेवलंस ना? रक्ताचा थेंब आहे."

काचपट्टीवर तिच्याच अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे. चिठ्ठी कोरी आहे. ती म्हणते, "त्यात सापडणार नाही ते. मलाही सांगितलं होतं तसं."

"कुणी सांगितलं?"

"आपल्या..." पुढचा शब्द येत नाही.

"बोल, हेमा."

"दिवाळीत सांगितलं. मुलगी नाही म्हणून. मुलगाही नाही म्हणून. दोन्ही नाही." ती भराभर बोलते, आणि बोलताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नाही. "नाव बदललंय. तुम्ही ठेवलेलं नाव आता नाही. मी राखायला हवं होतं ते. मला राखता आलं नाही."

नळाची टपटप थांबते. हेमलताला वाटतं, आता हे निघून जातील, आणि पुन्हा कधी येणार नाहीत.

"मला राग येतोय," ते शेवटी म्हणतात. "नाव मी तीन रात्री जागून शोधलं होतं."

"माहीत आहे."

"नवीन काय आहे?"

ती काचपट्टीवरची कोरी चिठ्ठी नखानं खरवडते.

"तुला माहीत नाही?"

"माहीत आहे. घेतलं नाही अजून कधी."

"माझंही घेत नाहीस. घरातल्या कुणाचंच नाव घ्यायचं नाही असा नेम केलास काय?"

"थट्टा करू नका."

"बरं. काय म्हणायचं मग आपल्या पोराला? मी चुकेन, तुझा सराव झाला असेल."

"नाही झाला." तिचा आवाज अगदी बारीक होतो. "'ते' म्हणायचं."

"ते? मला म्हणतेस तसं?"

"हो."

"अगं, मी तर एकटाच होतो, तरी 'ते'. आणि एवढा मान मिळवायला केलं काय, तर रोपं मारली." ते मोठ्यानं हसतात, आणि हसता हसता त्यांना खोकला येतो, तोच शेवटच्या महिन्यातला खोकला. हेमलता पाण्याचा पेला शोधते. टेबलावर पेले नाहीत, हिरव्या बांगड्यांची चळत आहे. खोकल्यानं ती चळत किणकिणते, मग घरघरते, आणि घरघर वाढत जाते.

ती एसटी आहे. सुरू झालेली, धुरानं भरलेली. दोघं स्टँडवर उभी आहेत आणि तिच्या हातात अजून ते रोप आहे. मागच्या खिडकीशी एक डोकं दिसतं, आखूड केसांचं, पाठमोरं. त्या पाठीला ती कुठंही ओळखेल.

"गाडी कुठं चालली?" ते विचारतात.

"परत." तिला कळतं. "मी सांगितलं नाही म्हणून परत."

"हाक मार."

"ऐकू जाणार नाही."

"मारलीस का?"

ती तोंड उघडते. जुनं नाव ओठांवर येतं, ते ती गिळते. नवं नाव घशात अडकतं. कंडक्टर दार ओढून घेतो.

"अहो, तुम्ही मारा!"

"मी मेलोय, हेमा."

"तुम्ही म्हणाल की, झाडांमध्येही असतं तसं, नर, मादी, आणि दोन्ही नसलेलं, दोन्ही असलेलं. तेच सांगायला आलात ना? पण झाडावरून माणसाचं ठरवता येत नाही. तो पुरावा नव्हे."

"मी कशाला सांगू? शिकलेली तू." गाडी हलते. ते तिच्या कानाशी येऊन बोलतात, त्यांच्या श्वासाला ओल्या मातीचा वास आहे. "मी घाई करायचो, तू मला थांबवायचीस. फूल येऊ द्या, फूल येऊ द्या. बरोबर होतं तुझं. पण आता कशासाठी थांबलीस? तुला तर ओट्याशी उभं राहून सांगितलंय. फूल कधीच आलंय, बाई."

गाडीचा मागचा दिवा धुरात लाल होतो, लहान होतो, मोहरीएवढा होतो.

हेमलताचे डोळे उघडे आहेत. कूलर चालू आहे, जाळीच्या कडेला दुसरा थेंब धरला आहे. घड्याळात चार वाजून गेले आहेत. ती उठून न बसताच फोन उचलते.

अंगठा काचेवर टेकवते, तर काच दाद देत नाही. पुन्हा टेकवते. मग अंगठा उजेडात धरते. टोकावर, नखाच्या कडेपर्यंत, पिवळट पांढरा पापुद्रा सुकला आहे. ती तो बोटानं ओढते, तो रबरासारखा ताणला जातो. खालची कातडी किंचित लाल झाली आहे, आणि खाजते आहे. पपईचा चीक. घरात पपई नाही, दारात झाड नाही. ती अंगठा नाकाशी नेते. वास आहे.

त्याचा अर्थ लावायला पुढं दिवस पडले आहेत. ती दुसऱ्या बोटानं फोन लावते.

"निघालोच, वहिनी!" पंढरीनाथच्या आवाजामागं गाडी फुरफुरते आहे, बायकांचा गलबला आहे. "कासारीण ओरडतेय इथं. करवली आली नाही तर म्हणे मीच करा घेऊन उभी राहते!"

"भाऊजी, गाडी बंद करा आधी."

"का? काय झालं?"

"बंद करा. आणि जरा बाजूला या."

फुरफुर थांबते. गलबला लांब जातो. पंढरीनाथचा श्वास तेवढा तिला ऐकू येतो. असा फोन या घराला एकदाच आला होता, तीन वर्षांपूर्वी, ते गेले तेव्हा.

"वहिनी, पोरगी बरी आहे ना?"

हेमलता खाटेवरून उठते. उभं राहिल्याशिवाय हे बोलता येणार नाही, असं तिला वाटतं.

"बरे आहेत. ऐका. पाचच्या गाडीतून मुरलीधरांचं आणि माझं मूल उतरेल. त्यांचं नाव अंबर आहे. ते मुलगी नाहीत, भाऊजी, आणि मुलगाही नाहीत. मला हे दिवाळीपासून माहीत आहे, मी तुम्हाला सांगितलं नाही. बांगड्या भरायच्या नाहीत, साडी नेसायची नाही. भावाच्या मागं करा घेऊन उभं राहायचं का, ते अंबरना विचारा. ते सांगतील तसं होईल. आणि स्टँडवर तुम्ही एकटे जाऊ नका, मला घ्यायला या. हाक मी मारणार आहे."